निकाल गावापर्यंत पोचवायचा असतो

पोलीस एखाद्याला उचलायला येतात तेव्हा ते अख्ख्या गावाला कळतं. जीप चौकात थांबते, पोरं मागे धावतात, दुसऱ्या दिवशी पेपरात तोंडावर फडकं बांधलेला फोटो येतो. दहा-बारा वर्षांनी हायकोर्ट त्याच माणसाला निर्दोष ठरवतं तेव्हा मात्र तो एकटाच येतो. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडायचं, स्टेशनवर भुसावळकडे जाणारी गाडी धरायची, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा करत जळगावला उतरायचं आणि तिथून सुरत लाइनची पॅसेंजर नाहीतर एसटी. हातात एक कापडी पिशवी. गावच्या फाट्यावर पहिला भेटणारा माणूस विचारतो, "पॅरोलवर ऊना का?"

मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनाही हेच विचारलं गेलं. त्यांना इथे आप्पा म्हणते. गाव तापीकाठचं आहे, एवढंच पुरे. गावातल्या एका तरुणाच्या खुनाबद्दल २००८ साली त्यांना पकडलं, जिल्हा न्यायालयात जन्मठेप झाली आणि अपील औरंगाबाद खंडपीठासमोर सुनावणीला येईपर्यंत दशक उलटून गेलं. खंडपीठाने निकाल दिला तेव्हा पुराव्यात उरलं होतं ते इतकंच: मयताला शेवटी आप्पांबरोबर पाहिलं असं सांगणारा एक साक्षीदार, आणि जप्त केलेले कपडे. ते कपडे ज्यांच्यासमोर जप्त झाले म्हणतात त्या पंचाला आपण सही कशावर केली हेही सांगता आलं नव्हतं. अशा पुराव्यावर माणूस बाराएक वर्षं आत राहिला.

मी तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेविका आहे. वकील नाही. अर्ज लिहून देणं, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते सांगणं, कोर्टाच्या पायरीवर गोंधळलेल्या माणसाला योग्य दालनापर्यंत नेणं, हे आमचं काम. कैदी आत असेपर्यंत त्याच्यासाठी काय करायचं ते आम्हाला ठाऊक असतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. पण निर्दोष ठरून घरी आलेल्या माणसाचं पुढे काय, याचा ठरलेला रस्ता कुठेच नाही. आणि मला वाटतं, सगळ्यात मोठी उणीव पैशाचीही नाही. पकडल्याची बातमी पोचवायला सगळी यंत्रणा होती. सुटल्याची बातमी पोचवायला कुणीच नेमलेलं नाही.

निर्दोष ठरल्यावरही जामीनदार लागू शकतो, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४३७-अ कलमामुळे, सरकार वरच्या कोर्टात गेलं तर हजर राहीन असा सहा महिन्यांचा बंधपत्राचा कागद लागायचा, तोही जामीनदारासकट. आप्पांसाठी जामीनदार शोधताना त्यांच्या मुलाच्या चपला झिजल्या. भाऊबंदांतल्या एकाने सही करायचं कबूल केलं आणि ऐन वेळी फोन बंद ठेवला. शेवटी उभे राहिले ते मुलाच्या मालकाचे वडील, जिनिंगमधले जुने मुनीम. त्यांची आणि आप्पांची ओळखही नव्हती.

मग कागदांचा फेरा. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच खान्देशात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तेव्हा आप्पा आत होते. पुढे कारागृहांतही आधारची शिबिरं झाली, पण आप्पांचं राहून गेलं. ते बाहेर आले तेव्हा बँक, सिमकार्ड, रेशन, दवाखाना, जिथे जावं तिथे आधी आधार मागत. आधार काढायचा तर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा हवा. शिधापत्रिकेतून नाव कमी झालेलं, मतदारयादीत नाव नाही, शाळेचा दाखला घरात एका पावसाळ्यात भिजून गेलेला. ओळखीचा एकच पक्का कागद त्यांच्याकडे होता, तो म्हणजे कारागृहाचा सुटकेचा दाखला. तो टेबलावर ठेवला की समोरच्याची नजर बदले. एका कार्यालयात तर तो कागद दोन बोटांत धरून परत सरकवला गेला.

आधार केंद्रावरचं ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. आप्पा आत सुतारकाम शिकले होते. रंधा मारून मारून अंगठ्याच्या कातडीवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा. केंद्रावरचा मुलगा चांगला होता. त्याने ओल्या कापडाने बोटं पुसून दिली, पुन्हा ठेवायला लावलं, मग दुसरं बोट, मग तिसरं. आप्पा एकेक बोट त्याच्या हातात देत होते, आणि प्रत्येक वेळी दिवा लाल झाला की माझ्याकडे बघत होते, जणू आता कुणीतरी ओरडणार. शेवटी डोळ्यांच्या नोंदीवर काम झालं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पकडं तवय ठसा एकदम बरा ऊमटना व्हता."

त्यांच्या बायकोची, मावशींची, गोष्ट मला जास्त छळते. नवरा आत गेल्यावर त्यांनी दोन पोरं वाढवली ती निंदणी आणि कापूस वेचणीच्या मजुरीवर. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या पत्नीलाही मिळतं. ते मिळवायला त्यांना वर्ष लागलं, पण मिळालं, आणि मुलीच्या लग्नापर्यंत त्याचाच आधार होता. नवरा निर्दोष सुटून घरी आला त्याच दिवशी त्या अनुदानाचं कारण संपलं. म्हणजे घरात खाणारं तोंड एक वाढलं, त्या तोंडाला काम नाही, कागद नाही, आणि महिन्याचे ठरलेले पैसे बंद. सरकारने चुकीने नेलेला माणूस परत केला तो असा. या एका गोष्टीसाठी मी कुठेही भांडायला तयार आहे: अशा घराचं अनुदान निदान दोन वर्षं तरी चालू राहायला हवं.

घरात राहण्याचंही नव्याने शिकावं लागतं. कारागृहात संध्याकाळचं जेवण उजेडातच होतं आणि दिवस मावळायच्या आत बराकी बंद होतात. आप्पांना पाच वाजले की भूक लागे आणि ताट समोर आलं नाही की ते बेचैन होत. आता खेड्यात पाचला कोण जेवतं? सून शेतातून सहाला येणार, मग चूल, मग कळण्याची भाकर नाहीतर खिचडी, जेवायला आठ. पहिले काही महिने मावशी चारलाच कामावरून निघून येत आणि त्या दिवसाची मजुरी कमी पदरात पडे. मी एकदा म्हटलं, जरा थांबायला सांगा ना त्यांना. त्या म्हणाल्या, "तठली सवय शे, जाई हळूहळू." ती सवय गेली, पण दीड वर्षाने. या दीड वर्षात कुणा समुपदेशकाने त्या घराचा उंबरा ओलांडला असता तर आप्पांना रात्री ओसरीवर येरझारा घालाव्या लागल्या नसत्या, असं मला ठामपणे वाटतं.

कायदा याबद्दल काय म्हणतो? बघायला गेलं तर फार थोडं. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून भरपाई द्यायचं त्याच जुन्या संहितेत एक कलम होतं, ३५८, त्यात कमाल रक्कम हजार रुपये. दिल्ली हायकोर्टाने २०१७ साली एका प्रकरणात हा प्रश्न विधी आयोगाकडे सोपवला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये आयोगाचा २७७ वा अहवाल आला. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांसाठी वेगळा कायदा करा, विशेष न्यायालयं ठेवा, ठरावीक मुदतीत भरपाई द्या, आणि नुसते पैसे नकोत, समुपदेशन आणि रोजगाराचं शिक्षणही द्या, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तो कायदा झालेला नाही. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या फाशीच्या एका कैद्याला निर्दोष सोडताना सुप्रीम कोर्टाने पुन्हा म्हटलं की चुकीच्या तुरुंगवासाच्या भरपाईबद्दल कायदेमंडळाने विचार करावा. त्याआधी, १९७९ साली भारताने नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला, तेव्हाच बेकायदा अटकेच्या भरपाईच्या हक्काबद्दल आपण हात आखडता घेऊन ठेवला होता.

कायदा नाही म्हणून सगळं त्या त्या न्यायाधीशांच्या विवेकावर. बिहारच्या रुदुल साह यांना कोर्टाने १९६८ सालीच सोडलं होतं, पण ते मुझफ्फरपूरच्या तुरुंगातून बाहेर आले १९८२ मध्ये. सुप्रीम कोर्टाने १९८३ साली त्यांना ३५ हजार रुपये दिले आणि घटनात्मक भरपाईची वाट पहिल्यांदा उघडली. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना २०१८ मध्ये ५० लाख मिळाले. गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात २०१४ साली निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली तेव्हा २०१६ मध्ये त्यांना नकार मिळाला. मोठं नाव, मोठा वकील असेल तर एक गोष्ट, नसेल तर दुसरी.

आपल्या अगदी शेजारचं उदाहरण आहे. अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की पलीकडे भोकरदन तालुका. तिथल्या २००३ च्या एका भयंकर गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना शिक्षा झाली आणि २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं. त्याच सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये स्वतःचा निकाल मागे घेत सहाही जणांना निर्दोष सोडलं, आणि त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हेही तोवर समोर आलं होतं. प्रत्येकी पाच लाख रुपये पुनर्वसनासाठी द्या, असा सरकारला आदेश झाला. कोर्टाने हे आपणहून केलं याचं मोल मी कमी करत नाही. पण सोळा वर्षांत पाच लाख वाटून पाहा, दिवसाला पंच्याऐंशी रुपये पडतात. आमच्याकडे बाईला निंदणीची मजुरी याहून जास्त मिळते. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यात २००४ पासून चुकीच्या कैदेच्या प्रत्येक वर्षाला ५० हजार डॉलरपर्यंत आणि फाशीच्या छायेत काढलेल्या वर्षाला एक लाखापर्यंत भरपाई आहे. तिकडचं सगळं चांगलं असं मुळीच नाही. पण वर्षाची किंमत कायद्यात लिहिलेली असली की माणसाला हात पसरावा लागत नाही.

भोकरदनच्या त्या सहा जणांची जात आणि पोट भरण्याची रीत पाहिली की आणखी एक गोष्ट दिसते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का कागदावरून ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला. गावाच्या मनातून आणि पोलीस ठाण्याच्या डायरीतून तो पुसला गेला का, हे पारध्यांच्या कुठल्याही वस्तीवर जाऊन विचारावं. गुन्हा घडला की पहिली जीप तिथेच जाते.

तसं खान्देशाला तुरुंगाचं वावडं नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि आमच्या अमळनेरच्या साने गुरुजींनी ती बसून उतरवून घेतली, हे आम्ही शाळेत अभिमानाने सांगतो. सत्याग्रही सुटून आले की वेशीवर हार घेऊन गाव उभं असे. गावाला माणूस परत घेता येत नाही असं नाही. तो का गेला होता आणि का परत आला हे गावाला नीट कळावं लागतं.

म्हणून आम्ही निकाल गावात वाचायचं ठरवलं. हायकोर्टाचा निकाल इंग्रजीत असतो. आप्पांचं निर्दोषत्व ज्या कागदावर लिहिलं होतं तो त्यांना वाचता येत नव्हता, त्यांच्या मुलालाही नाही. एका तरुण वकिलाने पैसे न घेता त्याचं मराठीत एक पान करून दिलं: आरोप काय होता, पुरावा काय होता, कोर्टाने तो का मानला नाही. पान अगदी साधं, तारखांसकट. मग सरपंचांकडे गेलो, ग्रामसभेत वाचू द्या म्हणून. ते माणूस वाईट नाहीत, पण घाबरले. म्हणाले, "निकाल लागना ना ताई, मंग आते काब्र (कशाला) उकरी काढतस?" मी म्हटलं, उकरलं तर तेव्हाच होतं, आता बुजवायचं आहे. त्यांना वेळ लागला. आप्पांनाही लागला. नाव पुन्हा चारचौघांत निघणार याची त्यांना धास्ती होती, आणि त्यांच्या होकाराशिवाय एक अक्षरही वाचायचं नाही हे आमचं पहिल्यापासून पक्कं होतं.

खरी काळजी वेगळीच होती. मयताचं घर त्याच गावात आहे, दोन गल्ल्या सोडून. त्या घराने इतकी वर्षं एका नावाचा द्वेष करून दुःख सहन केलं होतं. सभेच्या आधी मी त्यांच्याकडे जाऊन बसले. मयताची आई ओट्यावर मुगाच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. ती एकही शब्द बोलली नाही, शेंगा सोलत राहिली, मग सुनेला म्हणाली, हिला चहा दे. होकारही नाही, नकारही नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ते पान शाळेच्या गुरुजींनी वाचलं. आप्पा भिंतीला पाठ लावून उभे, मुलगा शेजारी. वाचून झाल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, वाजवायला नकोच होत्या. मागे बसलेला मयताचा धाकटा भाऊ उठला. सगळ्यांचे श्वास अडकले. तो आप्पांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "मंग मना भाऊले मारं कोनी?"

याचं उत्तर सभेत कुणाजवळ नव्हतं. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो, आणि बारा वर्षांनी माग काढणार कोण? निर्दोष सुटकेनंतर तपास नव्याने सुरू होणं फार विरळ. जानेवारी २०१४ मध्ये गुजरातच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं होतं की प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणं तपासा, तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांना जबाबदार धरा. ते मनापासून झालं तर त्या भावाला निदान कुणीतरी उत्तर देणं लागेल. निर्दोष माणूस आणि मयताचं घर यांना गाव एकमेकांसमोर उभं करतं. माझ्या मते दोघांचं देणं एकाच दारात, सरकारच्या, थकलेलं आहे. त्या भावाच्या नावाने फेरतपासासाठी अर्ज आम्हीच लिहून दिला. त्यावर पहिली सही त्याच्या आईची आहे.

आप्पा मला भेटल्यापासून एकच मागत होते: "पैसा मंग देखसूत, पहिले माले काम पायजे." वाचनानंतर पंधरवड्यातच पहिलं काम आलं, एका विधवा बाईच्या घराच्या दाराची चौकट. पावसाने खालचं लाकूड कुजलेलं. मी मुद्दाम बघायला गेले होते. त्यांनी सागाचा तुकडा आडवा ठेवला, एक डोळा मिटून कडेवरून नजर फिरवली, तळहात एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि जिथे उंचवटा लागला तिथेच पेन्सिलीने खूण केली. मग रंधा. पातळ, सलग ढलपी निघाली. चौकटीच्या कोपऱ्यात गुण्या लावून त्यांनी तो बाईला दाखवला, फट नाही बघा. त्या क्षणी त्यांचा आवाज मी पहिल्यांदा मोकळा ऐकला. बाईंनी पैसे दिले आणि वर विचारलं, पोरीच्या लग्नाला कपाट करून द्याल का. आता त्यांच्याकडे एक शिकाऊ पोरगाही येतो.

सगळं सरळ झालं असं नाही. मुलाला कंपनीत सुरक्षारक्षकाची नोकरी मिळत होती, तिथे घरच्यांविषयी खोदून चौकशी झाली आणि नोकरी गेली. कोर्टाने 'संशयाचा फायदा' देऊन सोडलं अशी कुजबुज अजूनही ऐकू येते. पुरावा नसेल तर कोर्ट याच वाटेने सोडतं, आणि पुरावा नसणं ही आरोपीची चूक नसते, हे मी सांगत राहते. भरपाईसाठी खंडपीठात रिट याचिका दाखल आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव, तिन्ही जिल्ह्यांच्या माणसाला त्यासाठी संभाजीनगर गाठावं लागतं. तारखेला जायचं म्हणजे आप्पांची दोन दिवसांची मजुरी बुडते.

तुमच्या गावात असं कुणी परत आलं असेल तर काही गोष्टी लगेच करता येतील. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढा, तिच्या दोन-तीन प्रती घरात वेगवेगळ्या जागी ठेवा. शिधापत्रिकेत नाव चढवायचा अर्ज सगळ्यात आधी द्या, बाकीचे कागद त्याच्या मागून येतात. बायकोला निराधारचं अनुदान असेल तर ते थांबण्याआधी मुलाच्या नाहीतर सुनेच्या नावाने दुसरी कुठली योजना लागू होते का ते पाहा. वकील परवडत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कार्यालयात जा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन लावा. आणि त्या माणसाचा होकार असेल तर एका पानाचा मराठी निकाल ग्रामसभेत वाचा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी सभा होतेच. वाचण्याआधी मयताच्या घरी जाऊन या.

आमच्या तालुक्यात १ मेला आणखी एकाचं पान वाचायचं आहे. वकिलाने मजकूर पाठवला आहे, गुरुजींनी तो तपासला आहे. आप्पा म्हणाले, त्या दिवशी मीही येतो, त्याच्याजवळ उभा राहतो.